पोळ्याच्या आदल्या दुपारी

पोळ्यासाठी मी माहेरी गेले होते. माझ्या सासरहून, बेसाहून, आमचं गाव फार लांब नाही, उमरेडच्या अलीकडेच; पण संसारातून उठून जाणं होतं ते सणावारालाच. आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको. मी त्यांना मोठेबाबा आणि मोठीमाय म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक पुतणी आणि एक बैलजोडी, एवढाच आपला पसारा, असं मोठीमाय हसत सांगायची.

सण दुसऱ्या दिवशी, तरी ती सकाळीच निंदायला निघाली. शेजारच्या वावरात सोयाबीनमध्ये तण माजलं होतं आणि बायकांची टोळी तिच्याशिवाय हलायची नाही.

"आज काहून जाऊन राहिली तू?" मी विचारलं.

"पुरण काय आजच शिजवा लागते? येतो मी लवकर. तू डाळ निवडून ठेव."

दुपारनंतर आभाळ भरून आलं. मोठेबाबा ओसरीवर बैलांसाठी नवे दोर वळत बसले होते. एकदम डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि भिंती हादरल्या. थोड्या वेळानं टोळीतली एक बाई धावत आली. तिच्या हातात खुरपं तसंच होतं.

"ईज पडली! मोठीमायवर पडली!"

मोठेबाबा अनवाणीच पळाले, मागून मी. पाऊस लागला म्हणून बायका मोहाच्या झाडाखाली धावल्या होत्या. मोठीमाय सगळ्यांत मागे होती. ती झाडाच्या जरा अलीकडे, चिखलात उताणी पडलेली. लुगड्याचा एक काठ जळून काळा झाला होता. बाकीच्या लांब उभ्या राहून रडत होत्या. हात लावला तर आपल्यालाही करंट लागेल, अशी त्यांना भीती. मोठेबाबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि छातीला कान लावला.

"आहे," ते म्हणाले. "धुगधुगी आहे."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. रस्त्यातल्या नाल्यावर पाणी होतं, गाडी फिरून येणार होती. फोनवरची मुलगी सांगत होती, श्वास नसेल तर छाती दाबत राहा, थांबू नका. मोठीमायच्या नाकाशी श्वास लागत नव्हता. मी वाकले तोवर गावातली माणसं आली. त्यांच्यात एक म्हातारे होते, मोठेबाबांच्या वडिलांचे सोबती. ते म्हणाले, "शेणात ठेवा तिले. शेण ईज ओढून घेते. माह्या बापानं असाच एक माणूस वाचवला होता."

मग कोणी थांबलं नाही. तिला बैलगाडीत घालून आमच्या घरामागच्या उकिरड्यावर आणलं. खड्डा केला, तिला आत निजवलं आणि गळ्यापर्यंत शेण लोटलं.

"मोठेबाबा, छाती दाबा लागते! फोनवर सांगून राहिले!"

"थोडं थांब वं पोरी," ते म्हणाले. "सगळे म्हणून राहिले."

मी खड्ड्यात उतरले. दोन्ही हातांनी तिच्या छातीवरचं शेण उपसायला लागले. बायकांनी मला काखेत धरून वर ओढलं. त्या वाईट नव्हत्या. मी तिचा एकमेव उपाय मोडते आहे, असंच त्यांना वाटत होतं. पाऊस सुरूच होता. मोठेबाबा तिच्या कपाळावर दुपट्टा धरून उकिडवे बसले होते आणि तिला नावानं हाक मारत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं.

गाडी आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि पांढरी चादर ओढली. मोठेबाबांनी विचारलं, "आधी आणलं असतं, तर?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आमच्या शेणाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. "कदाचित," म्हणाले, आणि बाहेर गेले.

पोस्टमार्टेम होऊन पोळ्याच्या दिवशी दुपारी मोठीमाय घरी आली. गावानं तोरण बांधलं नाही, वाजंत्री बोलावली नाही. तिला नेईपर्यंत एकाही घरात चूल पेटली नाही. आमच्या घरी सुतक, म्हणून बैलांची पूजा आम्हाला चालणार नव्हती. संध्याकाळी टोळीतल्या बायका आल्या. त्यांनी आमचे बैल धुतले, ओवाळले, आपल्या घरचं अन्न खाऊ घातलं. मोठेबाबा आत भिंतीकडे तोंड करून पडून होते.

ते म्हातारे दहाव्याला आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. "मले असंच माहीत होतं गा," एवढंच म्हणाले.

"मलेबी," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी म्हाताऱ्यांना आत घेतलं, पाणी दिलं.

हिवाळ्यात मोठेबाबा काही दिवस माझ्याकडे राहायला आले. एका सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "तू खड्ड्यात उतरली होती, तवा ती गरम होती काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण माझ्याशी ते कधी खोटं बोलले नव्हते. "होती," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, कप विसळून ठेवला आणि त्याच दिवशी गावी निघून गेले.

पुढच्या पावसाळ्यापासून ते एक काम करतात. आभाळ काळं व्हायला लागलं की काठी घेऊन वावरांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं फिरतात आणि ओरडतात, "घरी चला वं बायांनो! झाडाखाली थांबू नका!" वावरांचे मालक चिडतात, अर्धा दिवस फुकट गेला म्हणतात. एकानं तर त्यांना ढकलून पाडलं, हात महिनाभर गळ्यात होता. तरी ते जातात. बायका खुरपी टाकून त्यांच्यामागून गावाकडे चालू लागतात. पुष्कळदा पाऊस पडतही नाही.