मुक्ताईची बसकी गाडी

बाई साठीला आली की तिनं काय करावं हे पुण्यात आधीच ठरलेलं असतं. सकाळी हास्यक्लब, संध्याकाळी भजनीमंडळ आणि मधल्या वेळात गुडघे. बिबवेवाडीच्या मुक्ताई बोधनकरनं यातलं काही म्हणजे काही केलं नाही. पिंपरीच्या कारखान्यातून ती निवृत्त झाली, फंड हातात आला, आणि तिनं दोन दारांची, लाल, जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. सोसायटीत पेढे वाटले. पेढे सगळ्यांनी खाल्ले आणि मग जिन्यात उभं राहून पोटभर हसून घेतलं.

हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मुक्ताई मूळची यवतमाळची, लग्न होऊन पुण्यात आलेली. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात तिनं उभा जन्म गाड्यांच्या सस्पेन्शनची चित्रं काढण्यात घालवला होता. स्प्रिंगा, हादरे झेलणारे शॉकअब, त्यांना धरून ठेवणारे दांडे, सगळं कागदावर तिच्या हातचं. गाडी वळणावर का झुकते आणि का घसरते, हे तिला पोळी कधी उलटायची याइतकं अंगवळणी पडलेलं. चालवायला मात्र तिला कधी मिळाली नाही. टेस्ट ट्रॅकवर साहेबलोक जायचे आणि परत येऊन सांगायचे, "मॅडम, मागून जरा हलते." कुठे हलते, कशी हलते, ते त्यांना सांगता यायचं नाही. "एकदा मला बसू द्या की," असं ती म्हणायची. "अहो मॅडम, तुम्ही कुठे," असं उत्तर यायचं. हे जन्मभर ऐकून घेतलेल्या बाईनं निवृत्तीनंतर वाती वळत बसावं, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांची कमालच म्हणायची.

विश्रांतवाडीला प्रज्ञेश कांबळेचं गॅरेज आहे. कंपनीनं दिलेले पार्ट काढून त्या जागी बाहेरचे, जास्त जोरकस पार्ट बसवून देणं हा त्याचा धंदा. मुक्ताई पहिल्यांदा गेली तेव्हा तो म्हणाला, "काकू, गाडी मुलाची का?"

"नाही, माझी."

"मग काकांना घेऊन या. एकदा बोलून घेऊ."

"काकांना स्कूटरचा चोक कळत नाही. माझ्याशीच बोला."

तो बोलला. दुसऱ्या भेटीत तर दोघं गाडीखाली आडवे होऊन, पुढची स्प्रिंग किती कडक ठेवायची यावरून भांडत होते. त्याला गाडी लाकडासारखी ताठ हवी होती. "रस्ते पुण्याचे आहेत बाळा, खड्ड्यात गाडी उडाली की सगळी हुशारी बाहेर पडेल," असं म्हणून तिनं आपलंच खरं केलं.

बसवलं काय, तर उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन. शॉकअबवर आटे असतात, त्यावर एक रिंग. ती फिरवली की गाडी वर नाहीतर खाली. मुक्ताईनं गाडी खाली घेतली, इतकी की पोट जमिनीपासून फक्त चार इंच राहिलं. वजन खाली गेलं की गाडी रस्ता सोडत नाही, एवढं साधं ते गणित. मग एका रविवारी सकाळी खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या कडेनं रस्ता वळतो तिथे, तिनं गाडी वळणात घातली. गाडी झुकली नाही. मुक्ताई एकटीच मोठ्यांदा हसली. इतकी वर्षं कागदावर काढलेलं चित्र आज तिला अंगाखाली जाणवत होतं, आणि ते बरोबर निघालं होतं.

हे सगळं ती घरी येऊन नवऱ्याला सांगायची. रंगनाथराव बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे खजिनदार, माणूस पापभीरू. ते गाडीत कधी बसले नाहीत. "बसेन मी, पण मग उठवायला चार माणसं बोलाव," असं म्हणून विषय संपवायचे. तरी ती सांगत राहायची. जेवताना ताटात आमटीची रेघ ओढून वळण दाखवायची. "चार इंच, अहो. फक्त चार." ते "हं" म्हणून भात कालवायचे. आज ना उद्या हा माणूस म्हणेल, चल, दाखव तुझं वळण, या आशेवर ती होती.

सोसायटीचे चेअरमन विश्वजीत धायगुडे यांना गाडी पहिल्या दिवसापासून खुपत होती. आवाज फार, असं ते म्हणायचे. आवाज काडीचा नव्हता, सायलेन्सर तिनं मूळचाच ठेवला होता. मग म्हणाले, शोभत नाही. त्यावर मात्र कुठलाच पार्ट मिळत नाही.

एके दिवशी मुक्ताई भाजी घेऊन आली तर गेटात गेनबा गवंडी सिमेंट कालवत बसलेला. रस्त्यावर आडवा उंचवटा चढत होता.

"गेनबा, हे काय?"

"ब्रेकर हाय ताई. पाच इंचाचा."

"पाच? इथून काय ट्रक धावतात?"

गेनबानं थापी पुसली. त्याच्या पोटात काही राहत नसे. "तुमचं मालकच म्हनलं की. म्या तीन इंचाचा घेतला हुता. म्हनलं, पाच कर, चारातनं ती गाडी निगून जाती."

मुक्ताई तिथेच उभी राहिली. चार इंच हा आकडा सगळ्या सोसायटीत एकाच माणसाला ठाऊक होता, आणि त्याला तो तिनंच, आमटीची रेघ ओढून ओढून सांगितला होता. रागाच्या आधी तिला लाज वाटली. आपण केवढ्या हौसेनं सांगत होतो, आणि हा माणूस भात कालवत मापं घेत होता. मग राग आला, आणि असा आला की जिना चढताना तिला गुडघे जाणवलेच नाहीत.

"पाच इंच तुम्ही सांगितलेत?"

रंगनाथराव पेपर वाचत होते. "सोसायटीचा निर्णय आहे."

"विश्वजीतला फूट आणि इंच यातला फरक कळत नाही. तुम्ही सांगितलेत का?"

पेपर खाली आला. "लोक हसतात, मुक्ता. तुला नाही, मला हसतात. काल वाण्याकडे एकानं विचारलं, बोधनकर, मिसेस रेसला गेल्या का? काय सांगायचं मी?"

"हो म्हणायचं."

"अगं, ती रिंग फिरवून गाडी वर घेता येते ना? तूच म्हणालीस. घे की वर. चारचौघांसारखी कर. मग कोण कशाला बोलतंय?"

खोटं नव्हतं. पाना हातात घ्यायचा, रिंगा फिरवायच्या, गाडी वर. दुपारच्या चहाच्या आत काम झालं असतं, आणि सोसायटी म्हणाली असती, झाल्या बाई शहाण्या.

"नाही फिरवणार," मुक्ताई म्हणाली. "माझ्या गाडीची उंची मी ठरवीन. आणि आहे तशी, याच गेटातून काढीन."

"सिमेंटचा आहे तो."

"माहीत आहे. गेनबाचं काम चांगलं असतं."

बोधनकरांच्या माळ्यावर सागवानी पाटांची चवड होती. जाडजूड, खाली पट्ट्या ठोकलेले. याच पाटांवर मुक्ताईनं दीर जेववले, सासऱ्यांचे मित्र जेववले, गौरीच्या पंगतींमागून पंगती उठवल्या. पाट मांड, पाणी ठेव, वाढ, खरकटं काढ, पाट उचल. स्वतः ती त्यांच्यावर लग्नात काय बसली असेल तेवढीच. तिनं त्यातले चार खाली काढले, धूळ पुसली आणि गेटात नेले. दोन पाट ब्रेकरच्या अलीकडे, दोन पलीकडे, एकेका चाकाच्या वाटेत एक. पुढची चाकं पलीकडच्या पाटांवर आली की मागची अलीकडच्यांवर येतात, आणि गाडीचं पोट ब्रेकरला न घासता निघून जातं. ड्रॉइंग तिनं गॅसच्या पावतीच्या मागे काढलं होतं. गाडी निघाली, आणि पाटांनी साधा कुरकूर आवाजही केला नाही.

दुसऱ्या दिवशी गेटावर पाटी लागली. 'आवारात घरगुती फर्निचर मांडू नये. हा रस्ता आहे, पंगत नव्हे.'

"अक्षर सुरेख आहे," मुक्ताईनं विश्वजीतना सांगितलं. "पण ते फर्निचर नाही. गाडीचे पार्ट आहेत, बाहेरून आणून बसवलेले."

बोलायला ठीक होतं. करायला मात्र उतरा, वाका, मांडा, गाडी काढा, पुन्हा उतरा, पुन्हा वाका, उचला. येतानाही तेच. कंबर बोलायला लागली. गॅलऱ्यांमधून लोक बघायचे, आणि त्यात वाळत घातलेल्या टॉवेलामागून रंगनाथरावही बघायचे. कंबरेचं ती सोसत होती. तो टॉवेल तिला सोसवेना.

शनिवारी जेवताना तिनं सांगून टाकलं. "उद्या सातला मी निघणार. पाट तुम्ही मांडायचे."

"मी? सगळ्यांसमोर?"

"पाच इंच गुपचूप सांगितलेत. पाट उघड्यावर मांडा. लग्न झाल्यापासून मी तुमच्या घराला पाट मांडत आलेय, मला कुणी विचारलं नाही, सगळ्यांसमोर कशी मांडतेस म्हणून."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी मांडीन आणि जाईन. पण मग त्या गाडीबद्दल तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही. दुसऱ्या कशाबद्दलही नाही."

मुक्ताई उगाच बोलणारी बाई नव्हती. हे रंगनाथरावांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्या रात्री ते जेवण अर्धवट टाकून उठले.

रविवारी सातला लाल गाडी गेटापाशी आली. पाट भिंतीला टेकवून ठेवलेले. मुक्ताई गाडीतून उतरली नाही. गॅलऱ्या भरल्या. विश्वजीत फिरायचे बूट घालून येऊन उभे राहिले.

"काय मुक्ताकाकू, आज पंगत नाही?"

"वाढपी यायचाय," ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण नजर जिन्याकडे होती. जिन्यात कुणी नव्हतं. आता आपणच उतरावं, म्हणून तिनं दाराला हात घातला, आणि तेवढ्यात चपला वाजल्या. रंगनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, बँकेत जायचे तसे. कुणाकडे न बघता त्यांनी दोन पाट उचलले आणि ब्रेकरला अगदी चिकटवून मांडले.

"मागे घ्या," मुक्ताईनं काचेतून सांगितलं. "अजून. आता बाहेरच्या अंगाला. हां."

"बोधनकर," विश्वजीत म्हणाले, "तुम्ही सोसायटीचे खजिनदार आहात."

रंगनाथराव उरलेले दोन पाट पलीकडे मांडत गुडघ्यांवर बसलेले होते. तसेच बसून म्हणाले, "आहे ना. आणि हा ब्रेकर पाच इंचांचा मीच करायला लावला. मूर्खपणा केला. जरा बाजूला व्हा, गाडी निघायचीय."

विश्वजीत बाजूला झाले. गाडी पाटांवर चढली, ब्रेकरवरून अलगद गेली आणि रस्त्यावर जाऊन थांबली. रंगनाथराव हात झटकत खिडकीशी आले. गॅलऱ्यांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग हळूच विचारलं, "मी येऊ?"

गाडी घेतल्यापासून ती याच दोन शब्दांची वाट बघत होती. राग मात्र होता तिथेच होता, आणि तो इतक्या स्वस्तात सोडायची तिची तयारी नव्हती.

"आज नाही," ती म्हणाली. "पाट कोण उचलणार? आणि नऊपर्यंत मी परत येईन, तेव्हा पुन्हा मांडायचेत."

"मग पुढच्या रविवारी?"

"बघू. आधी नीट मांडायला शिका."

तिनं गिअर टाकला आणि गाडी खडकवासल्याच्या दिशेनं काढली. रंगनाथराव सगळ्या सोसायटीदेखत पाट गोळा करायला वाकले.