मीटिंग पसंत करायला गेले तेव्हा

पन्नाशीत मी दारू सोडायला निघाले, तेव्हाची माझी ऐट बघायला हवी होती. मुलगी तान्हं बाळ माझ्या हाती देत नव्हती, आणि बाईसाहेब नागपूरभर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा नाकारत हिंडत होत्या! एकीकडे सगळे पुरुषच. दुसरीकडे भिशीतल्या बाईंचे यजमान बसलेले. तिसरीकडे चहा पांचट.

नागपूरच्याच सदर भागातल्या मीटिंगमध्ये ती दिसली. नरखेडकडची, संत्र्यांच्या बागेची मालकीण. गावात बोभाटा नको म्हणून एसटीनं इतक्या लांब येणारी. तिथे नाव कुणी विचारत नाही, मीही विचारलं नाही. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ती संत्री सोलत बसायची आणि बोलून झालेल्याच्या हातावर फोडी ठेवायची. रडणाऱ्याला दोन जास्त.

मी नाक मुरडून म्हटलं, "इथल्या खुर्च्या फारच डुगडुगतात हो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून वं, मीटिंग पाहून राहिली का पोरीले स्थळ? पेतानी कधी खुर्ची पाह्यली होती का?"

मी तणतणत घरी आले. मुलीनं दार उघडलं, आधी माझं तोंड हुंगलं. त्या दिवशी मी प्यायले नव्हते, तरी ती बाळाला छातीशी घट्ट धरून आत गेली.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा सदरला.

"आली का? झालं पसंत?" तिनं विचारलं.

"पसंत कसलं! पण नवरीचं वय निघून चाललंय."

ती खो खो हसली आणि खुर्चीवरची पिशवी उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतली.