मिनलच्या खोलीतला कूलर

मे महिन्यात सहा वाजताच ऊन भिंतीवर चढून बसतं. शामलाबाईंचं पहिलं काम म्हणजे बादल्या उचलून गॅलरीतल्या तीन कूलरांत पाणी ओतणं. वरच्या खोल्या त्यांनी कॉलेजच्या पोरींना दिलेल्या. दोघींचे कूलर सकाळी बंद होत. मिनलचा मात्र दिवसभर घरघरत राही. खिडकी कूलरनं बुजलेली, उरल्या फटींवर कागद चिकटवलेले.

"काय पोट्टी हाय! म्हैस बरी, धार काढायले तरी उठते," म्हणत त्यांनी बादली ओतली.

दोन पेपर मिनलनं बुडवले, तेव्हा वैतागून त्यांनी काल तिच्या वडलांना, चंपतरावांना, नरखेडजवळच्या गावी फोन लावला होता. "दिवसभर झोपून राह्यते, भाऊ." चंपतरावांनी तिथंच निकाल दिला, "उद्या येतो न् घरी नेतो. झालं शिक्षण."

हे पोरीला सांगायला हवं होतं. दार ढकललं, तर मिनल भिंतीला टेकून बसलेली, डोळे टक्क उघडे.

"जागी हायेस? मंग मी हाका मारतो तं आवाज काहून नाई देत वं?"

"काकू, मले झोपच नाई येत. लय दिवस झाले."

"मंग हे घरघर कायले चालू ठेवतं?"

"त्या आवाजात डोक्यातलं कमी आयकू येते. नापास होशील, नापास होशील, हेच चालू राह्यते. पेपरच्या दिवशी पायच उचलले नाई. बाबाले नका सांगू, ते घरी नेतील."

कूलर चालू म्हणजे पोरगी झोपली, असं शामलाबाई दोन महिने धरून बसल्या होत्या.

"सांगून बसली ना मी, माय!" त्या भडकल्या, कोणावर, ते त्यांनाही कळेना. "तोंड नवतं तुले? मले काय सपन पडते?"

तिथूनच फोन लावला. चंपतराव एसटीत बसले होते.

"भाऊ, मी चुकीचं सांगतलं. पोरगी झोपत नाई, तिले झोपच येऊन नाई राहिली."

"मंग तं घरी आणलेलीच बरी."

"घरी काय तुमच्या संत्र्याच्या बागेले पाणी देऊन झोप येणार हाय तिले? पह्यले डॉक्टरले दाखवू, मी संग चालतो. मंग नेता का ठेवता, ते बोलू."

"न् पेपर?"

"पेपर कुठं पळून चालले? पुढच्या खेपेले देईल पोरगी!"

पलीकडं एसटीचा कंडक्टर 'काटोल, काटोल' ओरडला. मग, "बरं. पह्यले डॉक्टर."

"हे दोन शब्द काढायले काटोल यावं लागते या माणसाले," फोन ठेवत शामलाबाई म्हणाल्या. "अन् तू तोंड धू. बाप येऊन राहिला."

खाली कणीक तिंबायची राहिली होती. चंपतराव उपाशीच येतील, म्हणून त्यांनी परातीत दोन मुठी पीठ जास्त टाकलं.