माझं मी सांगेन

डॉक्टरीणबाई विचारायच्या मला आणि उत्तर द्यायचा माझा मुलगा. मी आपली त्या उंच खाटेवर पाय लोंबकळवत बसलेली. त्या माझ्याकडे बघून चार वाक्यं बोलायच्या आणि हा फोनवरून नजर न काढता म्हणायचा, "शी इज गुड. ऑल गुड." अरे, तुला कुणी सांगितलं? दवाखान्याने फोनवर दुभाषी देऊ केला होता, तोही यानेच नाकारला. "मी आहे ना आई, कशाला उगाच टाइम वेस्ट?"

तो होता, हीच तर अडचण होती. खोकलं, शिंकलं, नातीला उचललं की मला लघवी सुटायची. हे पोटच्या पोराच्या तोंडून कसं वदवायचं? सुनेला सांगितलं असतं, पण तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी बाहेर जाणंच सोडलं. घरातले म्हणत, आईला थंडी सोसत नाही. मुलाच्या या नेपरव्हिल गावात बर्फाच्या नावावर काहीही खपतं.

नवरा गेल्यावर नागपूरला शिवणक्लास चालवून मी याला इंजिनिअर केलं. बँकेत, कोर्टात, याच्या कॉलेजात, सगळीकडे मीच बोलले. आणि इथे मी मुकी! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

लायब्ररीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग चालतो, असं नातीच्या बसस्टॉपवर एका आजींनी सांगितलं. घरी विषय काढला तर मुलगा हसला. "या वयात? फोनमध्ये ट्रान्सलेट आहे की." सूनबाई म्हणाली, "आई, बुधवारी माझ्या मीटिंग्ज असतात, पिल्लूला कोण बघणार?" म्हणजे माझा वेळ ही घरात पडलेली चादर, कुणीही ओढून घ्यावी. ते तुम्ही ठरवा म्हटलं आणि बर्फाचे बूट चढवले.

वर्गात शेजारी मेक्सिकोची एक बाई बसायची. एक दिवस शिक्षिकेने सांगितलं, आपापलं दुखणं शेजारणीला सांगा. बाकीचे डोकं आणि घसा यांतच अडकले होते. मी इकडेतिकडे पाहिलं, खोकल्याचं सोंग केलं आणि खाली बोट दाखवलं. ती टेबलावर डोकं टेकून हसली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "सेम, सेम!" मग दोघींनी मिळून शिक्षिकेकडून ते इंग्रजीत सांगायचं वाक्य नीट शिकून घेतलं, "आय लीक व्हेन आय कफ."

पोळ्या लाटताना मी ते घोकायचे. एकदा नातीने ऐकलं. "आजी, व्हॉट्स लीकिंग?" मी म्हटलं, नळ. संध्याकाळी मुलगा टॉर्च घेऊन सिंकखाली आडवा! नसलेल्या गळतीसाठी त्याने एकूण एक पाइप चाचपला. मला मात्र, "आई, तुला काही होतंय का?" असं एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशा आहात? मुलाने तोंड उघडलं, "शी इज..."

"नो," मी म्हटलं. "आय टॉक. यू गो आउट."

त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. पण डॉक्टरीणबाईंनी उठून दार उघडून धरलं, तेव्हा मुकाट्याने गेला.

माझं इंग्रजी मोडकंतोडकं. त्या मात्र खुर्ची जवळ ओढून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतं, व्यायाम आहेत, औषधही आहे. एवढंच! एवढ्यासाठी मी दोन हिवाळे खिडकीशी बसून काढले. आनंद व्हायचा सोडून मला रडूच आलं, आणि ते रागाचं होतं.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मुलगा म्हणाला, "एवढा वेळ काय बोललीस गं? तुला काय होतंय, आई? मला सांग ना."

आज विचारत होता.

"ऑल गुड," मी म्हटलं.