पाठ केलेली नजर

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९७१. सकाळी कडाक्याची थंडी. सहाच्या प्रार्थनेला गेले. दुपारी चष्म्याच्या डॉक्टरांकडे. माझा नंबर तोच आहे. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्याच्या आठही ओळी उतरवून आणल्या. निकानोर नीट जेवला नाही.

डेल्फिनाने वहीत एवढंच लिहिलं आणि वही मिटली. सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात, मेक्सिकन वस्तीतल्या त्या घरात आता दोघंच राहत होती, बासष्ट वर्षांची विधवा डेल्फिना आणि व्हिएतनामहून परतलेला तिचा मुलगा. सुरुंगाच्या कपचीने निकानोरचा डावा डोळा नेला होता. वरून कोणाला कळत नसे. बुबुळ हलायचं, पापणी मिटायची; दिसत मात्र काही नव्हतं.

मार्चमध्ये माजी सैनिकांच्या हॉलवर मुष्टियुद्धाच्या लढती होत्या आणि पत्रकावर निकानोरचं नाव छापून आलं होतं. अडचण एकच. आधी डॉक्टर डोळे तपासणार.

वाट काढली तिबुर्सियोने. डेल्फिनाच्या नवऱ्याबरोबर तो इटलीत लढला होता. परतल्यावर दोघांनी मिळून चर्चमागच्या शेडमध्ये मुष्टियुद्धाची तालीम उघडली; आता ती तो एकटाच चालवत होता.

“वहिनी, बेचाळीस साली तुमच्या क्रेसेन्सियोला उजव्या डोळ्याने समोरचा बैल दिसत नव्हता,” टोर्टियाचा तुकडा मोडत तो म्हणाला. “तक्ता पाठ करून भरती झाला. आमच्या गल्लीतले कितीतरी तसेच गेले. नाहीतर गोरे म्हणाले असते, मेक्सिकन घाबरले.”

“तिथे हातात बंदूक होती, भावजी. इथे समोरचा तोंडावर मारणार.”

“मग तिथे काय फुलं मारत होते?”

तिने मुलाकडे पाहिलं. “तू बोल.”

“आई, महिनाभरात मला हाक मारली ती मीटरवाल्याने, तीही आडनावाने,” निकानोर म्हणाला. “रिंगणात उतरलो की चारशे माणसं माझं नाव घेतात. एकदाच. मग सोडतो.”

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी पट्टी मारून तिचं अक्षर वळवलं होतं, आणि खोटं बोलणं पाप असतं हेही त्याच पट्टीने शिकवलं होतं. तिने मोठ्या, सुटसुटीत अक्षरांत आठ ओळी काढल्या. दहा दिवस न्याहारीच्या वेळी ती त्याच्याकडून म्हणून घेत होती. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हाती घेतलेलं काम कच्चं सोडायची तिला सवयच नव्हती.

लढतीच्या डॉक्टरांकडेही तोच तक्ता होता. त्यांनी निकानोरचा उजवा डोळा झाकला. त्याने आठही ओळी न अडखळता म्हटल्या.

“डॉक्टर म्हणतो, तुला विमान चालवायला द्यायला हवं होतं!” तिबुर्सियो फाटकातूनच ओरडत आला. हसता हसता त्याला ठसका लागला. डेल्फिनाने त्याला पाणी दिलं.

लढतीच्या संध्याकाळी ती तिसऱ्या रांगेत बसली. दुसऱ्या फेरीतच तिच्या लक्षात आलं. डावीकडून येणारा ठोसा दिसावा म्हणून निकानोर मान वळवत होता, आणि त्याचा चांगला डोळा आपसूक पुढे येत होता. समोरच्यानेही ते हेरलं. तो तिथेच मारू लागला.

डेल्फिना उठून उभी राहिली. “टॉवेल टाका, भावजी! लढत थांबवा!”

पण सगळा हॉल “निकानोर! निकानोर!” म्हणून पाय आपटत होता. तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. रिंगणाच्या कोपऱ्यातून तिबुर्सियोने टॉवेल फेकला तो चौथ्या फेरीत, निकानोर दोरांना धरून गुडघ्यांवर बसल्यावर.

उजव्या डोळ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. उपयोग झाला नाही.

“याचा डावा डोळा तर आधीपासूनच गेलेला आहे,” सर्जन चिडून म्हणाले. “याला पास कोणी केलं?”

“मी,” डेल्फिना म्हणाली.

ईस्टरनंतरच्या शनिवारी तिबुर्सियो आला आणि टोपी हातात धरून फाटकाबाहेरच उभा राहिला.

“आत या, भावजी.”

“कोणत्या तोंडाने येऊ, वहिनी?”

“कोणतंही आणा, काका,” आतून निकानोर म्हणाला. “मला काय दिसतंय?”

कोणीच हसलं नाही. तिबुर्सियो आत आला, निकानोरशेजारी बसला आणि दिवस कलेपर्यंत त्याचा हात हातात धरून बसून राहिला. तो काय बोलला, की बोललाच नाही, ते डेल्फिनाने लिहून ठेवलं नाही.

शनिवार, १७ एप्रिल. मागच्या दारापासून नळापर्यंत निकानोरच्या कमरेच्या उंचीवर दोरी बांधली. थोडी कमी पडली, म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीतून कापून जोडली.