न विचारता घातलेले हार

माझ्या मावसाजींनी जेवढे सत्कार केले तेवढे भंडारा जिल्ह्यात एखाद्या मंत्र्यानेही केले नसतील, आणि त्यातल्या निम्म्या सत्कारांनंतर मी तोंड लपवून घरी आलो आहे. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते मोहाडीला आले ते एक खूळ घेऊनच. आरोग्याची चार शब्दांची शिकवण दुसऱ्याला देणारा कुणीही दिसला की त्याला हार घालायचा! गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांचे दुःख एकच होते, "आपले अर्धे सत्कारमूर्ती तिकडं गेले ना बाप्पा!" माठात हात बुडवू नका, ओगराळे वापरा, असे शेजारणींना बजावणाऱ्या म्हातारीला त्यांनी तिच्या चुलीपुढेच शाल पांघरली. सिहोऱ्याच्या एका लग्नात पोरांना साबणाने हात धुवायला लावणारा आचारी त्यांना दिसला आणि त्यांनी हार घातला. तो नवरदेवासाठी आणलेला होता. मी वरपक्षाच्या विनवण्या करत असताना हे मलाच म्हणतात, "काहून लाजून राहिला बे? चांगल्याले चांगलं म्हनाले का मुहूर्त लागते?"

आमच्या गल्लीतल्या शीलावहिनींनी टीबीचे औषध नेटाने पूर्ण केले होते. पुढे गल्लीत कुणी बाई खोकताना दिसली की त्या तिला समजावून दवाखान्यात नेत. पण सारे गुपचूप, कारण घरात नणंदेचे लग्न जुळत होते. मावसाजींना गुपचूप हा प्रकारच ठाऊक नव्हता. भर बाजाराच्या दिवशी त्यांनी लाऊडस्पीकरवरून वहिनींचे नाव पुकारले, आजाराचेही. वहिनी भाजीच्या दुकानापुढे उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेल्या. शाल धरून मी शेजारी उभा होतो. जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले.

ती पिशवी घेऊन संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्या दारात गेलो. नणंदेच्या होणाऱ्या सासरची माणसे वहिनींच्या आजाराची नुकतीच चौकशी करून गेली होती.

"काकाजी," वहिनी म्हणाल्या, "तुमी मले इचारलं होतं काय?"

मावसाजींनी हात जोडले. "नाई बाई. चुकलं माहं."

"बिमारीची मले लाज नाई. पन कोनाले सांगावं, थे माह्या हाती होतं."

मावसाजींनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि मान खाली घालून माघारी फिरले.

सोयरीक मोडली नाही, हे आमचे नशीब. नणंदेचे लग्न पार पडले. मावसाजी त्यानंतर आधी कानाशी जाऊन विचारू लागले, "सत्कार करू काय?" बहुतेक लोक नकोच म्हणत, आणि मावसाजी हसून पुढे जात.

पुढच्या वर्षी बचत गटाच्या बैठकीत वहिनी स्वतःहून उभ्या राहिल्या. आपला आजार, ती भीती, सारे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले. बाया प्रश्न विचारू लागल्या आणि वहिनी एकेकीला उत्तर देत राहिल्या. आम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकले आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत निघालो. वाटेत मावसाजी एकदाच बोलले, "पोरगी चांगलं बोलली ना?"

मी हो म्हणालो. मान मात्र घर येईपर्यंत दोघांचीही वर झाली नाही.