विल्याचा दुसरा बेस

विल्याला हॉर्न ऐकू आला नाही.

काल सकाळी पावस रोडवर दूध आणायला निघाला होता. मागून टेम्पो. ड्रायव्हर रडत सांगत होता, "हॉर्न दाबूनच धरलेला मी. त्यांनी वळून बघितलंच नाय."

मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, खोटं बोलतोस मेल्या!

साउंडवाल्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही? कोणाला सांगतोस?

विलास माझा पार्टनर. नमनाचे खेळ, लग्न, शिमगा, गणपती, सगळीकडे आम्ही दोघं. जोडणी माझी, मिक्सरवर तो.

आणि भांडण दोघांचं. कायम एकाच गोष्टीवरून. बेस.

आमचा अँप्लिफायर, आमच्या भाषेत अँप, ब्रिजवर चालतो. म्हणजे दोन्ही चॅनेलची ताकद एकत्र करून एकाच बेसच्या बॉक्सला द्यायची. दणका जबरदस्त. पण बॉक्स एकच, आठ ओहमचा. दुसरा जोडला की लोड चार ओहमवर येतो. अँप झेपत नाही तेवढा करंट द्यायला जातो, तापतो आणि प्रोटेक्टमध्ये जाऊन गप्प बसतो.

हे विल्याला माहीत नव्हतं?
अहो, त्यानेच मला शिकवलेलं!

तरी गेली दोन-तीन वर्षं माझी पाठ वळली की हा दुसरा बॉक्स जोडायचा.

"अरे, मारशील अँपला!"

"बेस लागत नाय रे बाळ्या."

"लागत नाय? समोर म्हाताऱ्यांच्या कवळ्या हलतायत, आणि तुला लागत नाय?"

तो हसायचा. बॉक्सवर हात ठेवून उभा राहायचा.

फोन तर उचलायचाच नाही. "मेसेज टाक." मी म्हणायचो, शेठ झालास काय रे?

यंदा नमनाच्या ऐन रंगात अँप बसला. बेस गेला आणि मृदंग पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागला. अख्ख्या गावासमोर मी त्याला वाटेल ते बोललो. तो पाठमोरा केबल गुंडाळत होता. वळलासुद्धा नाही. मला वाटलं, माज आलाय ह्याला.

काल स्मशानातलं सगळं उरकल्यावर त्याच्या घरी गेलो. वहिनी पडवीत बसलेली. मी परत तेच. "टेम्पोवाला खोटं बोलतोय वहिनी, त्याला सोडायचा नाय."

वहिनी म्हणाली, "नाय हो भावजी. त्यांना ऐकूच येत नव्हतं."

मग तिने सगळं सांगितलं.

समोरून बोललं की तोंडाकडे बघून समजायचा. मागून हाक मारली तर कळायचं नाही. मिक्सरवरचे दिवे बघून आवाज लावायचा. बेस तेवढा अंगाला जाणवायचा, म्हणून तो वाढवत राहायचा.

डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलेलं. कपाटात पडून होतं. "'बाळ्याला कळलं तर तो मला मिक्सरवर बसू देणार नाय', असं बोलायचे. मला शपथ घातलेली."

आज सकाळी टेम्पोवाल्याकडे जाऊन आलो. माफी मागितली. तो पण रडला, मी पण.

आणि आता सगळे माझी समजूत घालतायत. "तू कुठे त्याला काढणार होतास? मित्र तो तुझा."

काढला असता.

खोटं कशाला बोलू? ज्याला गाणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही त्याच्या हातात मी मिक्सर ठेवला नसता. त्याच दिवशी उठवला असता. त्याने मला शिव्या घातल्या असत्या, महिनाभर माझं तोंड बघितलं नसतं.

पण मग लपवायला काय उरलं असतं? मशीन कानात असतं.

काल दूध घेऊन घरी आला असता रे.

विल्या, 'भावपूर्ण' वगैरे लिहायला गेलो तर हात चालत नाही.
जा बाबा.
श्रद्धांजली.